आबांचा आवाज टिपताना

५ डिसें., शुक्र.
जळगावचे डॉक्टर स्पष्टच बोलले. घशातल्या गाठीपायी आबांचं स्वरयंत्र काढावं लागणार. १८ ला ऑपरेशन.
बाहेर आल्यावर आबांनी एवढंच विचारलं, "मंग फोनवर बोलता येवाव नही मले?"
घरी येऊन मोबाइल चाळला. आबांचे व्हिडिओ चारच. चारही वाढदिवसांचे, त्यात आमचाच गोंगाट. वडिलांचा आवाज माझ्याकडे नाहीच.

७ डिसें., रवि.
अमळनेर. आबांना टोपी घालून खुर्चीत बसवलं. म्हटलं, बोला. नाव, वय सांगून गप्प. मागे खिडकी, त्यामुळे चेहरा काळा. प्रश्न विचारणारी मीच मोठ्ठ्याने.
लेक बघून म्हणाली, "आई, पोलिसांनी जबाब घेतल्यासारखं वाटतंय. उजेड त्यांच्या तोंडावर येऊ दे. जवळ जा. आणि प्लीज, तू कमी बोल."
जुई सोळाची. बरोबर बोलते, हाच त्रास.

१० डिसें., बुध.
अर्धी रजा. पंखा बंद केला, मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवला. आवाज आधीच घोगरा झालाय. "आबा, लहानपणचं सांगा ना..."
"मरी गऊ का मी? बंद कर ते!"
बंद केलं. लाज वाटली. मग नुसत्या शेंगा सोलत बसलो दोघं. किती दिवसांनी.

१४ डिसें., रवि.
भरीत. अंगणात कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या जाळावर आई वांगी भाजत होती. मोबाइल ओट्यावर लावून ठेवला आणि कामाला लागले. खरंच विसरले.
"फिरव ना व! जळी गयं!" आबा.
"मंग तुम्हीच या," आई.
आले, बसले. आणि आपणहून सुरू झाले. आईला बघायला गेले तेव्हाचं. भरीत इतकं तिखट की तोंडातून शब्द फुटेना. सासरे हळूच विचारतात, "मुका शे का हाऊ?"
स्वतःच हसले. मग एकदम थांबले.
आई वांगं सोलत, मान वर न करता, "तरी लग्नाले हा म्हनलंच ना मी."
सगळं व्हिडिओत आलंय. निम्म्यात आबांचं डोकं कापलं गेलंय. असू दे.

१८ डिसें., गुरु.
सकाळी आठला आत नेलं. दारापाशी मोबाइल काढला, परत पर्समध्ये टाकला. हात धरायचा होता.
दीडला बाहेर. डॉक्टर म्हणे नीट झालं. आई त्यांच्या पायाशी बसून आहे.

२७ डिसें., शनि.
आबा घरी. पाटीवर लिहितात, अक्षर गिचमिड. काढलेल्या गाठीच्या तपासणीचा रिपोर्ट अजून यायचाय.
आज खुणेने माझा मोबाइल मागितला. मला वाटलं, भरताचा व्हिडिओ बघायचा असेल. तर नाही, शूटिंग सुरू केलं. आईचं. ती मेथी निवडत त्यांच्याशी बोलत होती.
आत्ता पाहिला. कोपऱ्यात आबांचा अंगठा. आई काहीतरी विचारते, थांबते, पूर्वी त्यांचं उत्तर होई तेवढा वेळ. मग म्हणते, "हा, मंग?" आणि पुढे बोलू लागते.
सात मिनिटं. हात जरासुद्धा हलला नाही त्यांचा.