परत दिलेली

प्रिय मिरेल्ला,

तुझी सासू आज चर्चबाहेर भेटली. माझा हात घट्ट धरून म्हणाली, "मुलगीच आहे म्हणे! मग नावाचा प्रश्नच नाही, रेस्तितूताच. गेलेली परत येते हो!" मी हात सोडवून घेतला. घरी आले, सशाचा रस्सा करपवला आणि तुला लिहायला बसले. तुझ्या पहिल्या लेकीला माझं नाव दिलंस, तेव्हा मी गावभर मिरवले होते. ते लेकरू आठवडाभरही राहिलं नाही. आता पोटातल्या हिलाही तेच नाव द्यायचं का, हे तुला ठरवायचंय. त्याआधी या म्हातारीचं ऐक.

नावाचा अर्थ तुला ठाऊक आहे: परत दिलेली. जुनं लॅटिन नाव. आपल्या संत रेस्तितूताला आफ्रिकेत होडीत घालून पेटवून दिलं. ती ना जळली ना बुडाली, आपल्या बेटावर सान मोन्तानोच्या वाळूला येऊन लागली. म्हणून आमच्या वेळी मूल गेलं की पुढच्या मुलीला हे नाव. आता इथल्या पोरी फिदीफिदी हसतात, "आजी, हे नाव की खोकल्याचं औषध?" हसू देत. पण किनाऱ्याला लागला तो देह होता गं, पोरगी नव्हती. तेवढं मात्र मे महिन्याच्या उत्सवात कुणी बोलत नाही.

माझ्याआधी एक रेस्तितूता होती. चार वर्षांची, तापानं गेली. मग मी झाले. तिचं नाव, तिचा पाळणा, तिचे लाल बूटसुद्धा मला. ते बूट चावायचे. आई माझे केस विंचरताना थांबायची आणि बोटानं कपाळ चाचपायची. "होडीवर आपटली होतीस ना? ती खूण कुठे गेली गं?" वडील म्हणायचे, "कोन्चेत्ता, पुरे आता." ती पुन्हा चाचपायची. मला वाटायचं, आपणच कुठेतरी ती खूण हरवली. एकदा मी मुद्दाम दगडानं कपाळ फोडून घेतलं. त्या दिवशी आई किती लाडानं जवळ घेऊन बसली होती, काय सांगू!

शाळेत अक्षरं शिकले त्याच वर्षी, मृतांच्या दिवशी, आम्ही शेवंतीची फुलं घेऊन दफनभूमीत गेलो. मी एकेक अक्षर जोडत दगड वाचला. माझंच नाव, माझंच आडनाव. मी किंचाळले. आई हसून म्हणाली, "वेडे, रडतेस काय? तू परत आलीस ना!" त्यानंतर कित्येक वर्षं कुणी मला हाक मारली की मी आधी मागे वळून बघायचे.

आई गेली तेव्हा उशाशी मीच होते. पाणी पाजत होते. तिनं एकदम दाराकडे पाहिलं, चेहरा असा उजळला की तसा माझ्यासाठी कधी उजळला नव्हता. "आलीस गं बाय!" म्हणाली. मग माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "ही बाई कोण?" दारात कुणी नव्हतं. मी तरी उठून दार पूर्ण उघडलं, येणारीला वाट द्यावी तसं.

मिरेल्ला, आजपर्यंत हे कुणाला सांगितलं नव्हतं, तुझ्या आईलाही नाही. आता लिहिते, कारण तुझ्या पोरीनं कधी स्वतःच्या कपाळावर दगड मारून घेऊ नये. तुझी पहिली ती रेस्तितूता. तिचं नाव तिच्यापाशीच राहू दे, तिच्यासाठी पोटभर रड. हिला असं नाव दे, जे आपल्या दफनभूमीतल्या एकाही दगडावर नाही. सासू रुसली तर माझ्याकडे पाठव, मी बघते तिच्याकडे. आणि मी गेले की माझ्या दगडावर नुसतं 'आजी' कोरा. ते दुसरं नाव तिथं कधीचंच कोरलेलं आहे, आणि ते माझं नव्हतं.

तुझीच,
आजी