पंखाच्या पाठीवरचे टाके

माय, परवा दुपारी एक पोरगी घरी आली होती. बोरगावात आमच्याच गल्लीत राहते, आणि विमान चालवायला शिकून राहिली आहे. तू असती तर तिला आधी भाकर वाढली असती आणि मग विचारलं असतं, की बाई, तुझ्या मायनं तुला सोडलं कसं. मी नुसता चहा दिला. तिची तोंडी परीक्षा जवळ आली आहे. पुस्तकातली आकृती तिला पाठ आहे, पण शिकवणारे सर विचारायला लागले की तिची जीभ टाळूला चिकटते. कोणीतरी तिला सांगितलं, त्या कडुनिंबाजवळच्या म्हाताऱ्यानं जन्मभर विमानाचे पंख शिवले, त्याला विचार. तिनं वही उघडली आणि म्हणाली, "आजोबा, पंख विमानाला उचलतो म्हणजे नेमकं काय करतो?" मी तिला तासभर सांगत बसलो, आणि सांगताना माझ्या लक्षात येत होतं की यातलं अर्धं त्या विमानवाल्या साहेबाचं आहे आणि अर्धं तुझं. माझं त्यात फारसं काही नाही. ती गेल्यावर मला चैन पडेना, म्हणून हे लिहायला घेतलं. तू गेली त्या वयाहून मी आता पुष्कळ मोठा झालो आहे, तरी तुला लिहायचं म्हटलं की हात अजून पोरासारखा अवघडतो.

सिंदीच्या कापसाच्या जिनात आपण दोघं पोती शिवायचो ते दिवस मला आजही हाताला जाणवतात. समोरासमोर बसायचं, मधे तागाचं पोतं, तुझ्या हातात एक दाभण, माझ्या हातात एक. बोलायचं काम नाही. तुझी सुतळी ओढली गेल्याचा सर्रर आवाज आला की माझा टाका टाकायचा. मी तेव्हा वीस वर्षांचा होतो आणि स्वतःला मोठा कारागीर समजत होतो. एकदा मी तळाची शिवण घाईत एकेरीच मारली आणि ते पोतं एका हमालाच्या पाठीवरच फाटलं. तू माझा हात धरून त्या हमालापुढे नेलं, त्याच्या खांद्यावरची सरकी माझ्या हातानं झाडायला लावली, आणि मग म्हणाली, "भार तळाले असते. तळ दुहेरी. डोळे मिटून बी दुहेरीच." ते मी विसरलो नाही, आणि तूही विसरली नाही. पुढं जे झालं ते त्यामुळेच झालं.

आपण नागपूरहून धम्मदीक्षा घेऊन आलो त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. ज्वारी निघाली होती, वावरं मोकळी होती, आणि गावाबाहेरच्या एका वावरात विमान उतरलं. सारं गाव धावलं. आत एक शिकाऊ पोरगा, एकटाच. इंजिन मधेच खोकायला लागलं म्हणून त्यानं मोकळं रान पाहून ते खाली घेतलं होतं. उतरवलं त्यानं नीट, पण थांबता थांबता डावा पंख बाभळीच्या काट्यांच्या कुंपणात घुसला आणि कापड पुढून मागपर्यंत उभं फाटलं. हो, कापड. मीही तेव्हाच पाहिलं की ज्याला आपण लोखंडाचं समजत होतो त्याचे पंख लाकडाच्या फासळ्यांचे आणि वरून सुती कापड ताणलेले आहेत. तू हात लावून म्हणाली होती, हे तं पाखरावानी पोकळ हाय. दुसऱ्या दिवशी सकाळी नागपूरहून जीप घेऊन त्याचे शिकवणारे साहेब आले. इंजिन त्यांनी स्वतःच दुरुस्त केलं. कापड, मेण लावलेला दोरा, हातभर लांबीची सरळ सुई, सगळं आणलं होतं. फक्त त्यांचा शिवणारा माणूस टायफॉइडनं पडला होता. बाजारातले शिंपी म्हणाले, मशीनखाली हे जाणार नाही. मग कोणीतरी त्यांना जिनाकडे बोट दाखवलं. तू घरी जाऊन दीक्षेच्या वेळचं पांढरं लुगडं नेसून आली. पोती शिवायला कधी नेसली नव्हती.

काम आपल्या सवयीचंच निघालं. तू स्टुलावर, पंखाच्या वर. मी खाली जमिनीवर पाठ टेकून. तू सुई वरून खाली पाठवायची, मी ती फासळीच्या दुसऱ्या बाजूनं वर पाठवायची. प्रत्येक टाका त्या लाकडी फासळीला मिठी मारून कापड तिला बांधून टाकायचा. दोऱ्यानं कापड कापू नये म्हणून टाक्याखाली एक जाड पट्टी घालायची होती, तिची एकच गुंडाळी होती. साहेब इंजिनात डोकं घालून होते, मग वावरातले दगड वेचत फिरले, उडायला वाट पाहिजे म्हणून. तेवढ्यात तू ठरवलं आणि मीही मान हलवली: पट्टी सगळी खालच्या अंगाला, दुहेरी. वर नुसता दोरा. भार तळाला असतो. वारा खालून रेटतो तेव्हाच तर एवढं धूड वर जातं, हे कोणी सांगायची काय गरज. उन्हं कलायच्या आधी आपलं शिवून झालं होतं, आणि तू पंखाकडे अशी पाहत होती जशी एकाही पोत्याकडे कधी पाहिली नाही.

साहेब लेपाचा डबा उघडत होते. तो लेप लावला की कापड आवळून हलगीसारखं ताठ होतं. तू सहज विचारलं, एवढं ताणायचं काऊन. साहेबांनी त्या शिकाऊ पोराकडे मान वळवली, तू सांग म्हणून. पोरगा उभा राहून शाळेत बोलावं तसा बोलला, की पंखाची पाठ फुगीर असते, वरून जाणाऱ्या हवेला लांबचा रस्ता पडतो, खालच्या हवेबरोबर पलीकडे पोचायचं म्हणून ती जोरात पळते. तू ऐकून घेतलं. मग म्हणाली, "काऊन बाबू? तिले कोनाची वाट पाहाची हाय?"

तो गोरामोरा झाला. साहेब हसले, पण तुझ्यावर नाही. पोराला म्हणाले, तू इतके दिवस माझ्यापुढे बसतो, हे तुला कधी विचारावंसं वाटलं नाही. मग त्यांनी आपल्या पाण्याचा गडवा उचलला आणि अगदी हळू तिरपा केला. पाणी सरळ खाली पडायचं सोडून गडव्याच्या गोल पोटाला चिकटून वळत वळत खाली आलं. असंच हवेचं, ते म्हणाले. पंख थोडा नाक वर करून चालतो. हवा त्याच्या पाठीला धरून वळते आणि मागून खालच्या बाजूला फेकली जाते. पंख हवेला खाली लोटतो, म्हणून हवा पंखाला वर लोटते. आणि पाठीवरून अशी वळताना त्या हवेचा दाब उतरतो. हवेचं ओझं तर आपल्या साऱ्यांवर सगळीकडून आहेच. वरचं ओझं हलकं झालं की खालचं जिंकतं. ती लवकर पळते हे खरं, कोणाला गाठायला म्हणून नाही.

 मग तुला जिनाच्या शेडचा पत्रा आठवला, मागच्या वैशाखातल्या वादळातला. तू म्हणाली, "तवा दारं सारी बंद होती, साहेब. वारा आत शिरलाच नाई. मंग पत्र्याले उडवलं कोनं?" साहेब गडवा खाली ठेवून तुझ्याजवळ आले. आतल्या शांत हवेनंच, ते म्हणाले. वरून वारा पळत होता, छपराच्या पाठीवरचा दाब उतरला, आतली हवा पत्रा घेऊन वर गेली. पंखातही तसंच. त्याच्या पोटात साधी हवा आहे, पाठीवर उतरल्या दाबाची. जास्तीची ओढ वरूनच असते, बाई. उडताना दोन फासळ्यांमधलं कापड वर फुगतं, आम्ही बसल्या जागेवरून पाहतो. विमान खालून ढकललं जातं तेवढंच वरून टांगलेलंही असतं.

मी अजून पंखाखालीच होतो. तुझा चेहरा मला दिसत नव्हता, फक्त स्टुलावरचे तुझे पाय दिसत होते.  त्या वेळी मला जे वाटलं ते मला आजही नीट सांगता येत नाही. इतक्या मोठ्या जनावराला, आत बसलेल्या माणसासकट, हवेनं वरून उचलून धरायचं. आणि हवेनं कापडाला धरायचं, कापडानं दोऱ्याला, दोऱ्यानं फासळीला. मधला दोरा आपला. आणि नेमका तिथंच आपण तो नुसता सोडला होता.

तू साहेबांना सांगितलं की ओढ वर असेल तर शिवण उलटी झाली, उसवावी लागते. त्यांनी वाकून वर-खाली पाहिलं. सूर्याकडेही पाहिलं. त्या संध्याकाळी विमान गेलं नसतं तर पंख काढून ट्रकमधून न्यावे लागले असते, आणि त्या पोराचं शिकणं तिथंच थांबलं असतं, हे त्यांनी सकाळीच सांगितलं होतं. ते म्हणाले, नागपूर काही लांब नाही, एवढ्यापुरते टाके धरतील. तू तोवर दोरा कापायला लागली होती. "उडून जाल तुमी, साहेब. मी तं खालीच राहीन. माह्या हातचं हाय, मीच उसवीन." साहेबांनी लेपाचा डबा झाकला आणि तुझ्या बाजूला उभे राहून सुटलेली पट्टी हातानं सरळ करून देत राहिले. तो पोरगा माझ्याजवळ येऊन आडवा झाला आणि खालून दोरे वेचायला लागला. दुहेरीची पट्टी वेगळी झाली, एक वर, एक खाली. वरचे टाके तू पहिल्याहून निम्म्या अंतरावर घेतले. बोटं तुझी मेणानं काळी झाली होती. लेप लागला, पिकल्या केळ्यासारखा वास सगळ्या वावरात सुटला, आणि वाळल्यावर साहेबांनी पंखावर टिचकी मारली तेव्हा तो वाजला.

त्याच साहेबांनी पुढं मला नागपूरला बोलावून घेतलं हे तुला माहीतच आहे. चौथीपर्यंतच्या शाळेवर मी हळूहळू, शब्दकोश मांडीवर घेऊन, पंखांची पुस्तकं वाचली. नवीन पोरं आली की पहिल्या दिवशी त्यांना पंखावर हात ठेवायला लावायचो आणि सांगायचो, ही पाठ आहे, हिला जपा. नाक फार वर ओढलं तर हवा या पाठीची साथ सोडते, वळायचं सोडून उधळते, आणि मग इंजिन कितीही ओरडलं तरी पंख उचलत नाही. तेव्हा घाबरून आणखी ओढू नका, नाक खाली द्या, हवा परत धरते. परवाच्या पोरीलाही हेच सांगितलं, गडवा घेऊन. ती पाण्याकडे पाहत राहिली. तू गेली त्याच्या तिसऱ्या वर्षी मला पहिल्यांदा विमानात बसवलं. जमीन सुटली आणि मी बाजूला पाहिलं, तर दोन फासळ्यांच्या मधे कापड उठलेलं होतं, अगदी बारीक, झोपलेल्या लेकराचं पोट श्वासानं उठावं तेवढंच. माय, मी रडलो. इतकी वर्षं तोंडानं जे सांगत होतो ते तिथं आपोआप, कोणाला न विचारता, चाललं होतं.

पण लिहायचं आहे ते त्या संध्याकाळचं. विमानात साहेब एकटेच बसले, पोराला जीपकडे पाठवलं. विमान वावरातून उसळत निघालं तेव्हा तू पाठ फिरवली. पदर तोंडात धरला होता. मला म्हणाली, "माह्यानं नाई पाहावत. वळते तवा पाठ दिसन, तू पायजो. कापड फुगते का मले सांगजो." त्यांनी आपल्यासाठीच एक वळसा घेतला, पंख कलला, सारं गाव ओरडलं, आणि मी म्हणालो, फुगलं माय, दोन्ही फासळ्यांमधी फुगलं. तू तिथंच खाली बसली, ढेकळात, त्या पांढऱ्या लुगड्यानिशी, आणि हसली. मग तू ते जिनात सांगितलं, सगळ्या वस्तीत सांगितलं, शेवटच्या आजारात उशाशी बसलेल्या बायांना सांगितलं, की माह्या पोरानं डोयानं पाह्यलं.

परवा मी त्या पोरीलाही तसंच सांगितलं, की मी डोळ्यानं पाहिलं. ती हुशार आहे. वहीतून डोकं वर करून म्हणाली, आजोबा, पण एवढं बारीक खालून दिसेल का? मी चहाचे कप उचलून आत गेलो.

दिसत नाही, माय. आणि दिसलं असतं तरी मी पाहिलं नसतं. मी डोळे मिटून घेतले होते. इंजिनाचा आवाज दूर जात होता आणि मधेच तुटला नव्हता, एवढंच मला कळत होतं. तेवढ्यावर मी तुला हो म्हणालो.