ओपलमावशीला विकलेला ट्रक

प्रिय व्हर्नन,

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही, हे मला आत्ताच ठाऊक आहे. पण माझ्या ट्रकच्या कर्जाला तू जामीन होतास, म्हणून तुलाच लिहितोय.

टल्साच्या शोरूमवाल्याने माझा पिकअप ट्रक चालवून पाहिला आणि म्हणाला, "गिअरबॉक्स जातोय. बदल्यात छोटी गाडी देतो, पण तुझं जुनं कर्ज काही फिटणार नाही." बाहेर विकला तर फिटणार होतं. म्हणून मी चर्चच्या फळ्यावर चिठ्ठी लावली.

आली कोण, तर आपल्या शाळेची बस चालवायची ती ओपलमावशी. तिला गुरांचं गवत वाहायला ट्रक हवा होता.

"काही दुखणं-बिखणं नाही ना रे याला?"

"छे, मावशी."

"मग झालं. तू सांगितलंस ना!"

तिने बँकेत पैसे भरले. कर्ज मिटलं, तूही सुटलास.

आज तिचा फोन आला. ट्रक भर रस्त्यात बंद पडला होता. वाटलं, आता शिव्या घालणार. ती म्हणाली, "रागावू नकोस हं. तू इतका जपलेला, मीच नीट चालवला नसेल."

आणि मी म्हटलं, "असू दे, मावशी. होतं असं."

तुझा भाऊ म्हणवायला लाजणारा,
क्लेटन