चोविसावं कार्ड

३ मार्च, सोमवार

चोवीस ओळी आणि चोवीसही ओळींत ‘नशीब’! बसस्टँडवरच्या वजनाच्या मशीनमधून कार्ड पडतं ना — मागे वजन, पुढे भविष्य — ती कार्डं आमच्या प्रेसमध्ये छापतात. मशीनवाल्याने मजकूर लिहून दिला, टाइप मी करायचा. मास्तरांनी, म्हणजे आमच्या प्रूफ तपासणाऱ्यांनी, कागद बघून चष्माच काढून ठेवला. “शब्द बदल गं. माणूस उद्या परत वजन करेल, तेव्हा वेगळं काहीतरी मिळायला नको?”

म्हटलं, बदलून काय होणार, सगळे एकच तर!

“एकच? ‘नशीब, बस मिळाली’ म्हणतेस ना? आता ‘प्रारब्ध, बस मिळाली’ म्हणून बघ.”

हसून हसून पोट दुखलं. मग दुपारभर तेच. नशीब उघडतं, फुटतं, कुणीकुणी काढतंसुद्धा. दैव फिरतं. प्रारब्ध भोगायचं. भाग्य कायम दुसऱ्याचं — केवढं तिचं भाग्य! नियती फक्त पेपरात. आणि विधिलिखित म्हणजे आधीच लिहून ठेवलेलं.

“त्याचं प्रूफ कोण तपासतं?” मी विचारलं.

“कोणी नाही. म्हणून तर एवढ्या चुका.”

४ मार्च

आईचा शब्द कपाळ. दूध उतू गेलं — माझं कपाळ! मी दहावीला दोनदा आपटले — माझं कपाळ, दोनदा. फक्त दादाचं नाव निघालं की एकही शब्द नाही. चौदा महिने झाले. भांडण नाही, तंटा नाही. बॅग घेतली, “येतो गं” म्हणाला आणि गेला. फोन बंद. माझ्या प्रत्येक खोडीत निम्मा वाटा त्याचा असायचा. मलाही काही बोलला नाही.

५ मार्च

तेवीसच झाल्या! एक ओळ मास्तरांनी खोडली (‘दैव तुम्हाला लवकरच बोलावून घेईल’ — मशीनवाला पण ना!). चोवीस कार्डांच्या कागदावर एक चौकोन कोरा राहिला. मास्तर ताप आला म्हणून दुपारीच घरी गेले.

इकडे कटिंगमामांची तीन आठवडे एकच टकळी. पेपर कापायचं मशीन बंद, मेकॅनिक येत नाही. “कधी येणार गं तो? कधी?” मी काय त्याची बायको आहे?

मग कोऱ्या चौकोनात टाकलं: ‘ज्याची वाट बघताय तो येतोय. गुरुवारी, चार वाजता. तोवर डोकं खाऊ नका.’

उद्या मामांना दाखवायचं आणि मग काढून टाकायचं.

६ मार्च, गुरुवार

सकाळी पोचले तर छपाई होऊनसुद्धा गेली! पाचशे मोठे कागद, प्रत्येकावर माझं एकेक कार्ड.

मामांनी वाचलं, दोन शिव्या घातल्या, हसले. आणि चार वाजून पाच मिनिटांनी दारात मेकॅनिक!! खरंच! मामा माझ्याकडे असे बघायला लागले की मला माझीच भीती वाटली. मशीन दुरुस्त झालं आणि पहिली कापली ती हीच कार्डं.

१४ मार्च

मशीनवाला उड्या मारत आला. काल गुरुवार होता. म्हणे स्टँडवर सातआठ जण चार वाजेपर्यंत बसून होते, हातात कार्ड. एकाने तर दाढीबिढी करून इस्त्रीचा शर्ट घातला होता. सगळे हसले. मी सगळ्यात जास्त.

२० मार्च, गुरुवार

मामांना थाप मारून साडेतीनला सटकले. मजा बघायला.

मजा नव्हती. लांब बाक, त्यावर बारातेरा माणसं, एकमेकांत जागा सोडून. कोणी कोणाशी बोलत नाही. चारची बस आली. सगळे एकदम उभे राहिले. दार उघडलं, माणसं उतरली, आपापल्या वाटेने गेली. बस रिकामी झाली तरी हे उभेच. मग एकेक करून खाली बसले.

एक जण सगळ्यात शेवटी बसली. लग्नाकार्यासाठी ठेवलेल्या चपला घालून आली होती.

आई.

मी खांबाआड.

घरी आल्यावर म्हणाली, शिंप्याकडे वेळ लागला.

२१ मार्च

डोळ्यांच्या दवाखान्यातून फोन आला. आईच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन. गेल्या गुरुवारी आल्या नाहीत, काल परत बोलावलं, कालही नाही. तिथे ऑपरेशनं गुरुवारीच होतात. नर्स म्हणाली, “उजवा आधीच अधू आहे. अजून दिवस घालवलेत तर डावाही हातचा जाईल, सांगून ठेवते.”

आईला म्हटलं. “बघू गं. त्या डोळ्याला काय घाई!”

आठ वर्षांची होते तेव्हापासून लोकांना फसवतेय. त्याचं असं कधी होत नव्हतं. फसले, चिडले, हसले, संपलं.

२४ मार्च

मशीनवाल्याच्या पाया पडायचंच बाकी ठेवलं. कार्डं काढून घ्या. “वेडी का काय! त्याच एका कार्डासाठी लोक परत परत वजन करतायत. पुढच्या छपाईत चोवीसपैकी बारा तेच टाकायचं.” प्रेसचे साहेब लगेच हो म्हणाले.

मास्तरांना सगळं कळलंय. सगळे गेल्यावर म्हणाले, “बाकीच्या तेवीस ओळींवर कोणी बाकावर जाऊन बसलं का? नाही ना? त्यांत सगळं मोघम आहे. तू वार दिलास गं. वेळ दिलीस.”

२७ मार्च, गुरुवार

आज बाकावर एकोणीस. आज सांगायचंच म्हणून गेले होते.

चारची बस आली. दार उघडलं. आणि मी — ओळ मी लिहिली, कोऱ्या जागेत, मामांना छळायला, मला सगळं माहीत! — मी टाचा उंच करून प्रत्येकाचं तोंड बघत होते. एकाची मान तर अगदी दादासारखी होती. तो वळला. नव्हता.

आईच्या जवळ जाववलंच नाही. मागल्या रस्त्याने परत आले.

२९ मार्च

मामांनी विचारलं, “काय गं, आठवडाभर माझ्या डब्याचं झाकण जागेवर आहे. बरं नाही का तुला?”

२ एप्रिल

उद्या सकाळी सांगणार. फटके बसले तरी चालतील.

३ एप्रिल, गुरुवार

सांगितलं. कोरा चौकोन, मामा, मेकॅनिक, सगळं. आई चहा गाळत होती, गाळतच राहिली. मग म्हणाली, “तूच लिहिलंयस ते पहिल्याच दिवशी कळलं होतं. तुझं बोलणं मला ओळखू येत नाही होय? त्या मशीनवर कोण विश्वास ठेवतं! मला वाटलं, त्याने तुला कळवलंय. तोंडाने सांगू नकोस म्हणालाय, म्हणून तू असं सांगतेयस.”

कपाटातून दवाखान्याची फाइल काढली, चष्मा घातला, पुसला, परत घातला.

मग माझ्याकडे पाठ करूनच विचारलं, “म्हणजे त्याने खरंच काही कळवलेलं नाही?”