चिमटा कोणी काढला?

ता. ३ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझा गुडघा बरा आहे हे वाचून बरं वाटलं. माझं मात्र ठीक नाही. बस चालवणाऱ्या आम्हा अकरा बायकांविरुद्ध शहरभर पत्रकं वाटली गेली आहेत. एक प्रत सोबत आहे. त्यावरच्या फोटोतली रडणारी आजी म्हणे माझ्याच सात नंबरच्या बसमध्ये पडली. बायकांना स्टिअरिंगवर ठेवायचं की नाही, हे परिवहन समितीच्या वीस तारखेच्या सभेत ठरणार आहे.

मला ही आजी आठवत नाही गं. पण सगळेच बोलतात, तेव्हा वाटतं, आरशात बघायचं माझंच राहिलं असेल का? काल एक बाई माझी बस सोडून मागच्या बसची वाट बघत उभी राहिली. आई म्हणते, गपचूप ऑफिसात टेबलाचं काम माग. अर्ज लिहून डब्याच्या पिशवीत ठेवलाय. तू सांगशील तसं करीन.

तुझ्या दोन ओळींची वाट बघणारी,
भिंगरी

ता. ८ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

अर्ज पिशवीतच राहू दे. डबा सांडला तर पुसायला होईल.

खरं सांगते, पत्रक बघून आधी मीच रुमाल काढला. मग चष्मा लावून पुन्हा पाहिलं आणि माझी कॉन्व्हेंटची शाळा आठवली. मी सहा वर्षांची होते. शाळेचं छप्पर गळत होतं, देणगीच्या पत्रकासाठी फोटो हवा होता. आमच्या लाडक्या सिस्टरनी मला कुणाचा तरी फाटका फ्रॉक घातला, भिंतीशी उभं केलं आणि दंडाला चांगला चिमटा काढला. फोटोखाली छापलं, अनाथ, उपाशी बालिका. तुझे आजोबा घरी धडधाकट, आणि मी नुकताच डबा चाटूनपुसून संपवलेला! छप्पर झालं, मला मूठभर गोळ्या मिळाल्या. कॅमेऱ्याशेजारी कोण उभं आहे, हे बघायची अक्कल मला तेव्हाच यायला हवी होती.

पण नाही आली. कारण ही आजी माझ्या ओळखीची आहे! दोन महिन्यांपूर्वी आमच्या गल्लीत पत्रक आलं होतं, कोपऱ्यावरच्या लाँड्रीवाल्याने चादरी जाळल्या म्हणून रडणारी आजी. पलीकडे नवी लाँड्री उघडत होती, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. जुन्याकडे जाणं बंद केलं आणि घरी चादरी धुऊन कंबर मोडून घेतली. पत्रक खणात अंथरलं होतं, ते पाठवते. तोच स्वेटर, तेच तुटलेलं दुसरं बटण, डाव्या गालावर तोच अश्रू. दोन्ही शेजारी ठेव आणि बघ.

तुझ्या पाठीशी असलेली,
आत्या

ता. २१ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

जिंकलो! दोन्ही पत्रकं माझ्या सीटमागच्या काचेवर चिकटवली आणि खाली एवढंच लिहिलं, आजी, नेमकं कुठे दुखतंय? दोन दिवसांत बसमध्ये हसण्याचा गलका. माझी बस सोडणारी ती बाई वाचायला म्हणून चढली आणि आपला स्टॉप विसरली!

सभेला प्रवाशांनीच दोन्ही पत्रकं नेली. अध्यक्षांनी विचारलं, ही बाई पडली कुठे, बसमध्ये की लाँड्रीत? आमचा मार्ग आपल्या गाड्यांना मागणारे खासगी बसमालक पुढच्याच रांगेत होते. त्यांच्या मॅनेजरने घाम पुसत कबूल केलं, पत्रक त्यांचंच, आणि फोटो छापखान्याकडे तयार होता म्हणून घेतला. अकराही जणी कायम! आई आता सगळ्यांना सांगते, मीच हिला म्हटलं होतं, मागे हटू नकोस. अर्जाने मी आरसा पुसला.

तुझीच,
भिंगरी

ता. २६ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र शेजारणींना मोठ्याने वाचून दाखवलं, दोनदा. मग चादरींचं गाठोडं घेऊन जुन्या लाँड्रीवाल्याकडे गेले आणि माफी मागितली. तो म्हणाला, त्याला वाटलं होतं मी वारलेच. जिवंत निघाले या आनंदात इस्त्री फुकट! आता गल्लीतली जुनी गिऱ्हाइकं एकेक करून हाताला धरून नेतेय.

एकच मागणं. त्या आजीवर राग धरू नकोस. माझ्या दंडावरचा वळ संध्याकाळपर्यंत होता. तिच्याही कुठेतरी असेल. कधी खरोखरच ती तुझ्या बसमध्ये चढली, तर नीट बसेपर्यंत गाडी हलवू नकोस.

लोभ आहेच, तसाच राहू दे; मी आले की पुढची सीट तेवढी ठेव.

तुझी,
आत्या