बेचाळीस डोक्यांसाठी एक कापड

७ मार्च २००५

सोनबा पडला. आमच्या आयटी कंपनीचा पहारेकरी. गेट नंबर दोन, दुपारी पाऊण वाजता. फळी पडावी तसा, सरळ.

डोक्यावर काळी पॉलिएस्टरची टोपी. कडक. आत कपाळाशी प्लॅस्टिकची पट्टी. टोपी काढली तेव्हा पट्टीचा लाल वळ उठलेला होता. पाणी मारलं, उठून बसला. पहिलं वाक्य – "टोपी कुठाय?" टोपी हरवली तर दंड असतो.

वरच्या काचेत शंभर-दीडशे इंजिनियर जमले होते. काच उघडत नाही, त्यामुळे कोणाला काही करता आलं नाही. बरं झालं.

इंद्रजीत धावत आला. हा आमचा फॅसिलिटी मॅनेजर, वय एकतीस. "मॅडम, ॲम्ब्युलन्स मेन गेटनं नको! क्लायंट आहेत आत." सोनबा मागच्या गेटनं गेला. कचरा जातो तिथून.

८ मार्च

मीटिंग. विषय – सोनबा नव्हे, टोपी.

बेचाळीस पहारेकरी. सर्वांना नवी टोपी. ऊन, पाऊस, थंडी – एकच टोपी, एकच कापड. कापड कोणतं ते ठरवून अहवाल द्यायचा. एक जूनपासून अंमल.

"तुम्ही करा, मॅडम. तुम्ही लिटरेचरच्या ना? रिपोर्ट छान लिहाल."

सहा वर्षं तासिका तत्त्वावर कविता शिकवली. कोणीही अहवाल मागितला नाही. इथे आठव्या महिन्यात मागितला. कोण म्हणतं मराठीला भवितव्य नाही?

१० मार्च

बेचाळीसपैकी एकेचाळीस जण सांगितली ती टोपी घालतात. एक घालत नाही. सर्जेराव, गेट दोन, पंचावन्न वर्षांचे. डोक्याला पांढरा टॉवेल, घट्ट. दोन मेमो झाले. दोन्ही मीच टाइप केले – चांगली भाषा असल्यामुळे.

इंद्रजीत आज म्हणाला, "एक जूनला त्याच्या डोक्यावर कंपनीची कॅप, नाहीतर तो कंपनीच्या बाहेर. थर्ड मेमो रेडी ठेवा."

रेडी ठेवला आहे. तारीख तेवढी टाकायची.

११ मार्च

सर्जेरावांना विचारलं. टोपी का नाही? एका दमात सगळं सांगितलं.

हे गेट, पार्किंग आणि कारंजं – ही त्यांची जमीन. नव्व्याण्णव साली विकली. वडील महिपती, वय अठ्ठ्याऐंशी, डोळे त्याआधीच काचबिंदूनं गेलेले. त्यांना सांगितलंच नाही. आज सांगू, उद्या सांगू. मग इथेच नोकरी धरली.

"घरी गेलो की म्हातारा इचारतो – रानात जाऊन आलास? मी म्हनतो, आलो. खोटं हाय का? रानातच असतो की मी आठ तास."

आणि टोपी? म्हातारा रोज डोक्यावरनं हात फिरवतो. जाताना आणि येताना. ऊन लागू नये म्हणून बांधलंय का ते बघतो. कडक टोपी हाताला लागली की कळणार – पोरगा पहारेकरी झाला. म्हणजे रान गेलं.

मी म्हटलं, येता-जाता टॉवेल बांधा, गेटवर टोपी घाला.

"टॉवेल ठेवू कुठं? पिशवी आत नेऊ देत न्हाईत. खिसे रिकामे. आमची झडती आम्हीच घेतो, बाई."

मग घरी शिरताना टोपी काढा नुसती!

माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी वर्गात निरक्षर विद्यार्थ्याकडे पाहायचे. "बाप जित्ता असताना बोडक्या डोक्यानं म्होरं जायाचं?"

एम.ए.ला हे नव्हतं.

१५ मार्च

रविवार पेठ. टोप्यांचं दुकान. दुकानदार पेपर वाचत होता, तो खाली ठेवण्याइतकं माझं येणं महत्त्वाचं नव्हतं.

– एकच टोपी हवी. ऊन, पाऊस, थंडी, तिन्हीला चालेल अशी.
– तिन्हीला? नवरा तरी चालतो का तिन्हीला?
– बेचाळीस घ्यायच्यात.

पेपर खाली ठेवला.

सहा नमुने आणले. पेंढा, नमदा, नायलॉन, लोकर, पातळ सुती, जाड सुती. येताना बसमध्ये नमद्याची मोठी टोपी घालून उभी राहिले – चाचणी आजच सुरू करावी म्हणून. कंडक्टर मागून म्हणाला, "साहेब, पुढं सरका." वळून पाहिलं. "मॅडम, तुम्हीपण सरका."

१७ मार्च

इंद्रजीतने चाचणीचा तक्ता दिला आहे. इंग्रजीत, अकरा रकाने. एका रकान्यात 'फील'. हे कोणाला विचारायचं ते लिहिलेलं नाही.

मला माहीत आहे कोणाला विचारायचं.

सर्जेरावांना म्हटलं, एकेक नमुना घरी न्या. म्हाताऱ्यांना सांगा बाजारातनं आणली, रानात ऊन फार. त्यांच्या हाताला जी टोपी शेतकऱ्याची वाटेल, ती आपली.

नमुना बाहेर न्यायचा म्हणजे गेटपास. मी लिहिला. गेटवर तपासायला सर्जेरावच. स्वतःचा पास स्वतः तपासला, वर-खाली पाहिलं, स्वतःला जाऊ दिलं.

२१ मार्च

पेंढा. सावली चांगली, वारा खेळतो. पण घडी घातली की मोडते, आणि वाऱ्यात डोक्यावर राहत नाही. मी गच्चीत घातली – शेजारच्या गच्चीत गेली.

महिपतींचं मत (सर्जेरावांकडून): "ही डोक्यावर पत्रावळ का घेतलीस?" टोपी खुंटीला टांगली होती. गायीनं ओढून खाल्ली. "गायीला आवडली, मला न्हाय."

तक्त्यात लिहिलं – टिकाऊपणा : असमाधानकारक.

२४ मार्च

नमदा. लोकर दाबून केलेला. उन्हात बरा, थंडीत फार बरा. बादलीत बुडवला. तासाभरात एक किलोच्या आसपास झाला. वाळायला दोन दिवस, आणि वाळल्यावर आकार कढईचा.

महिपती : "मेंढरू वल्लं झाल्यागत वास येतोय. वाऱ्यावर टाक."

तक्ता – पावसाळ्यास अयोग्य.

२९ मार्च

थंडीची चाचणी राहिली होती. मार्चअखेर पुण्यात थंडी कुठून आणायची? मिळाली! दुसऱ्या मजल्यावर सर्व्हर रूम, अठरा अंश. लोकरीची टोपी घालून अर्धा तास बसले. एक मुलगा आला, माझ्याकडे बघून, सॉरी म्हणून गेला.

यंत्रांना तापू नये म्हणून चोवीस तास गारवा. त्यांच्या बरोबर खाली, पस्तीस फुटांवर, सोनबा पडला होता. निरीक्षण म्हणून अहवालात घातलं. इंद्रजीत काढेल.

लोकर – दीड महिना उत्तम, साडेदहा महिने शिक्षा.

३० मार्च

इंद्रजीतने काढलं.

६ एप्रिल

नायलॉन. याच्यावर इंद्रजीतचा जीव. "वॉटरप्रूफ आहे, मॅडम! पाणी आत जात नाही." खरं आहे. घामही बाहेर जात नाही. वीस मिनिटांनी माझ्या कानांमागून ओघळ सुरू.

महिपती : "खताची पिशवी फाडून शिवली काय रं?" आणि मग, सर्जेराव सांगतात, नुसत्या बोटांनी चोळत बराच वेळ बसले. "पावसात मानूस भिजतोच. भिजल्यावर कापड किती लवकर वाळतं ते बगायचं. आन् उन्हाळ्यात घाम पितं का ते. बाकी काय न्हाय."

हे मी तसंच्या तसं अहवालात टाकलं, भाषा तेवढी बिघडवून : 'आर्द्रताशोषण व शुष्कीकरण-काळ हे निर्णायक निकष मानावेत.' इंद्रजीत खूश. "हेच पाहिजे होतं. कुठून काढलंत?"

तज्ज्ञांशी चर्चा, म्हटलं.

१८ एप्रिल

पातळ सुती. लगेच वाळते, पण ऊन आरपार. पंधरा दिवसांत कड लोळागोळा. महिपती : "हे लेकराचं टोपडं."

२६ एप्रिल

जाड सुती. घट्ट विणीचं, न रंगवलेलं कापड. मऊ माथा, भोवती चार बोटं कड. माथ्याला दोन्ही बाजूंनी भोकं – वारा यायला.

गच्चीत थर्मामीटर ठेवून बसले. काळ्या पॉलिएस्टरखाली सत्तेचाळीस. याच्याखाली एकोणचाळीस. पाण्यात बुडवून पिळली, डोक्यावर घातली – तो सगळा तास सुखाचा. वाळायला अडीच तास. पावसाळ्यात रेनकोटची टोपी असतेच, आणि गेटवर थंडीत आत कानपट्टी बांधता येते. एक कापड तिन्ही ऋतू जिंकत नाही. कमीत कमी ऋतूंत कोणतं हरतं, एवढंच बघायचं.

सर्जेराव टोपी घेऊन गेले. उद्या कळेल. मला स्वतःची नेट-सेटची परीक्षा दिल्यावरही निकालाची इतकी धाकधूक नव्हती.

२७ एप्रिल

"म्हातारा हात फिरवून म्हनला – हां. ही रानातली हाय."

सर्जेराव हसले. पहिल्यांदाच पाहिले त्यांचे दात.

१२ मे

अहवाल दिला. एकवीस पानं. टोपीवर एकवीस पानं लिहिता येतात हे इंद्रजीतला पटत नव्हतं. मला पटत होतं, मी विद्यापीठात होते.

शिफारस – जाड सुती, फिकट खाकी.

"थोडी व्हिलेज वाटते नाही?" तो म्हणाला. मी म्हटलं, नॅचरल फायबर आहे. ब्रीदेबल. तुमच्या अमेरिकन क्लायंटला फार आवडेल. तो एकदम गंभीर झाला. "ब्रीदेबल. हां. हे वरती टाका, पहिल्या पानावर."

१९ मे

मंजूर! आणि लगेच घोळ.

इंद्रजीत : "पुढे लोगो. एम्ब्रॉयडरीत. उठून दिसला पाहिजे."

उठून दिसणारच. पण उठून हाताला पण लागणार! महिपतींची बोटं नायलॉन आणि खताची पिशवी ओळखतात. जाड दोऱ्यानं भरलेलं लोगोतलं चक्र आणि बाण त्यांच्यातून काय सुटणार?

सर्जेरावांना सांगितलं. ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, बाई. लय केलंत. मी घरी बसंन." आणि थोड्या वेळाने – "घरी बसलो तर रोज खोटं बोलावं लागंल, एवढंच."

२० मे

खोटं मीच बोलले. पुरवणी अहवाल, तीन पानं. भरतकामाचा धागा सुती कापडाबरोबर आटत नाही. पहिल्या पावसात लोगो सुरकुततो. कंपनीचा लोगो बेचाळीस डोक्यांवर सुरकुतलेला – हे ब्रँडच्या दृष्टीनं... तीन टिंबं मुद्दाम ठेवली.

उपाय : छपाई. सपाट.

आजवरचं माझं हे एकमेव ललित लेखन. प्रसिद्ध होण्याची शक्यता नाही, पण परिणामकारक.

२३ मे

छपाई मान्य. "गुड कॅच, मॅडम."

३० मे

टोप्या आल्या. इंद्रजीतने फोटो काढून मेल केला, विषय – 'केअर फॉर अवर पीपल'. सोनबा पहिल्या रांगेत.

सर्जेरावांनी गेटच्या आडोशाला जाऊन टॉवेल सोडला, टोपी घातली, मग बाहेर आले. लोगोवर बोट फिरवून पाहिलं. डोळे मिटून परत फिरवून पाहिलं. काही नाही लागत, म्हणाले.

तिसरा मेमो फाडला. ड्राफ्ट उत्तम होता.

३१ मे

संध्याकाळी निरोप – "म्हातारा म्हनतो, एवढ्या टोप्या पाठवणारी बाई कोन? उद्या च्याला आना." माझ्याबद्दल काय सांगितलं आहे विचारलं. टोप्यांच्या दुकानातल्या बाई!

बढतीच म्हणायची.

१ जून

त्यांच्या ओट्यावर बसले. सर्जेराव टोपी घालून वाकले, महिपतींनी हात फिरवला. हां म्हणाले. सर्जेराव चहा सांगायला आत गेले.

म्हातारा माझ्याकडे तोंड करून हळू म्हणाला, "टोपी झ्याक हाय, बाई. पर रानातनं बूट वाजवत कोन येतं? पायाला कदी चिखूल न्हाय, ढेकूळ न्हाय. सा वर्सं ऐकतोय मी. त्येला सांगू नगा. लय करतोय माज्यासाठी."

तीन महिने. एकवीस पानं, अधिक तीन. पायांचा रकाना कोणीच आखला नव्हता.

सर्जेराव बशी घेऊन आले. "काय म्हनला म्हातारा?"

"कापड पसंत आहे म्हणाले."