हिल्या रूस्कानेन यांच्या भेटी

३ नोव्हेंबर
फिनलंडमधल्या कुओपिओ शहरातल्या नव्या नोकरीचा पहिला दिवस. वेलचीचे पाव आणि कॉफीनं स्वागत झालं! एकट्या राहणाऱ्या वृद्धांकडे परिचारिका पाठवणारी प्रणाली आम्ही चालवतो. कोडमध्ये ‘व्यक्ती’ हा मूळ वर्ग. त्यातून ‘ग्राहक’, ‘नातेवाईक’, ‘मयत’ हे वर्ग निघतात. डेटाबेसात मात्र प्रत्येक वर्गाचं टेबल वेगळं, म्हणून सगळं रखडतं. ते सुधारणं माझं काम.

७ नोव्हेंबर
सगळ्यांना एकाच टेबलात आणलं. कोण कुठल्या वर्गातलं, हे ‘प्रकार’ रकान्यातला आकडा सांगतो. एक म्हणजे ग्राहक, ज्यांच्याकडे परिचारिका जाते; शून्य म्हणजे मयत. शेजारी बसणारा वयस्क उर्हो म्हणाला, अगं सोइंतू, रकाना रिकामा राहिला तर तिथं शून्यच पडेल, शून्य कुणालाच देऊ नकोस. मी म्हटलं, काका, रिकामा राहीलच कसा? आणि नवं टेबल चालू केलं.

१३ नोव्हेंबर
एक रकाना रिकामा राहिला होता, तिथं शून्य पडलं. हिल्या रूस्कानेन, वय चौऱ्याऐंशी. जिवंतपणी मयत ठरल्या, भेटी बंद. सहा दिवस कुणीच गेलं नाही. आज शेजारणीला स्वयंपाकघरात सापडल्या, थंडगार. त्यांची परिचारिका मार्केत्ता फोनवर रडत होती, आजींचं नाव माझ्या यादीतून गेलं कुठं हो? बघते म्हटलं. मग आजींच्या मागच्या सगळ्या नोंदींत शून्याचा एक केला. आता दिसतं ते असं, की नाव यादीत होतं, मार्केत्ताच गेली नाही.

१७ नोव्हेंबर
मार्केत्ताला कामावरून काढलं.
आजी खरंच गेल्या म्हणून शून्य घातलं. दुपारी पाहते तर एक. पुन्हा शून्य. पुन्हा एक.

१९ नोव्हेंबर
आजींच्या नावावर आज भेटीचा अहवाल. ‘सकाळी अकरा. काही खात नाहीत. वाट बघतात.’ परिचारिका म्हणून माझं नाव. मी गेलेच नाही —

२० नोव्हेंबर
पुन्हा अकरा वाजता. उर्होला सांगायला गेले. बर्फाबद्दल बोलून परतले. मार्केत्ताचे चार फोन. एकही घेतला नाही.

२१ नोव्हेंबर, सकाळी अकरा
आजींच्या दाराशी, जिन्यात. घर रिकामं केलंय म्हणतात, पण आत पावलं — दोघींची. दाराला तोंड लावून सांगितलं, चूक माझी होती, मार्केत्ताची नव्हे. आतून म्हाताऱ्या आवाजात उत्तर आलं, मला काय सांगतेस, तिला सांग.
मार्केत्ताला फोन लावलाय. घंटा वाजतेय —
तिच्या फोनची घंटा दाराच्या आत वाज—